आकडी आली की चप्पल, भाजलं की टूथपेस्ट: प्रथमोपचार आपण शिकणार कधी?

कुंपणावरची

गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत यंदा आमच्या सोसायटीने ऑर्केस्ट्रा न ठेवता प्रथमोपचाराचा वर्ग घेतला. बरीच वादावादी होऊन ठरलं, ते असो. शिकवायला भूलतज्ज्ञ डॉक्टर बाई आल्या होत्या. त्यांनी शिकवायच्या आधी आम्हालाच प्रश्न विचारले. भाजलं तर काय कराल? टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ, बटाट्याचा कीस. आकडी आली तर? चप्पल हुंगवायची, कांदा फोडून नाकाशी धरायचा, मुठीत किल्ल्या द्यायच्या. घोळणा फुटला तर? मान मागे टाकून डोक्यावर पाणी. रस्त्यात कुणी पडलेला दिसला तर? आधी पाणी पाजायचं. सभागृहात साठ-सत्तर माणसं होती, त्यात पदवीधर भरपूर, पण "माहीत नाही" असं कुणीच म्हणालं नाही. आणि यातलं एकही उत्तर बरोबर नव्हतं.

आपल्याकडे मदतीला माणसं धावत नाहीत असं कुणी म्हणत असेल तर मला पटत नाही. धावतात, गर्दी करतात, आणि मग प्रत्येकजण आजीकडून ऐकलेलं काहीतरी करून बघतो. म्हणून प्रथमोपचार शिकण्यातला निम्मा भाग हा काय करू नये हे शिकण्याचा आहे, असं माझं मत झालंय. उरलेला निम्मा हाताने करून बघायचा. तो वाचून किंवा व्हॉट्सॲपवर फिरणारा व्हिडिओ बघून येत नाही. सीपीआरसाठी (हृदय बंद पडलं की छाती दाबून रक्त फिरतं ठेवायचं, ते) आणलेल्या पुतळ्याची छाती पुरेशी खोल दाबली गेली की आतून खटका वाजतो. आमच्यातले बहुतेक जण कोपर वाकवून, कणीक मळल्यासारखे दाबत होते, खटका वाजतच नव्हता. बाईंनी गुडघे पुतळ्याला टेकवायला लावले, खांदे थेट तळहातांच्या वर आणायला लावले, कोपर ताठ. मग वाजला. आणि दोन मिनिटांत कपाळावर घाम.

भाजण्याचं उत्तर तर इतकं साधं आहे की लोकांना ते औषध वाटतच नाही. भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरायचा. बर्फ नाही, नळाचं पाणी. दोन-तीन मिनिटांत बरं वाटायला लागतं आणि आपण हात काढून घेतो, तिथेच चुकतं. वरची त्वचा गार झाली तरी आत उष्णता राहिलेली असते. सूज चढायच्या आत बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढायचं. फोड फोडायचे नाहीत. मग स्वच्छ, कोरडं, न चिकटणारं कापड सैलसर. टूथपेस्ट लावून आलेल्या माणसाची जखम किती खोल आहे हे बघायला डॉक्टरांना आधी ती खरवडून काढावी लागते, हे ऐकून आमच्या मजल्यावरच्या काकूंनी दोन्ही हात कानांवर ठेवले.

तुमच्याकडे काय अनुभव? असे वर्ग कुठे होतात? लिहा.

---

हिरवी_चाफेकळी

छान धागा. वाचनखूण साठवली आहे. एक प्रश्न. आमच्याकडे पाणी सकाळी पाऊण तास येतं. वीस मिनिटं वाहतं पाणी आणायचं कुठून?

कुंपणावरची

@हिरवी_चाफेकळी, अगदी हाच प्रश्न वर्गात आला होता! पिंपातलं पाणी तांब्याने सावकाश ओतत राहायचं, खाली घमेलं ठेवायचं. किंवा हात सरळ बादलीत बुडवून ठेवायचा. पाणी कोमट झालं की बदलायचं.

---

तिरकस

एकूण सूर कळला. आता प्रत्येक सोसायटीत दीड तासाचा वर्ग करून आलेले स्वयंघोषित डॉक्टर तयार होणार. अर्धवट ज्ञानापेक्षा अज्ञान परवडलं. शिवाय छाती दाबताना बरगडी मोडली आणि माणूस गेला, तर नातेवाईक कुणाची गचांडी धरणार? पोलीस कुणाला चौकीत बसवून ठेवणार? माझा सरळ सल्ला: १०८ फिरवा आणि बाजूला उभे राहा.

---

भूलवाली

मी पुण्यात भूलतज्ज्ञ आहे (वर उल्लेख आलेल्या बाई मी नव्हे, पण असे वर्ग मीही घेते).

तिरकस, शंका रास्त आहे म्हणून नीट उत्तर देते. हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झटक्यात हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडतो. माणूस शुद्धीवर असतो, छातीत दडपण, घाम, मळमळ, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ. त्याला सीपीआर द्यायचा नसतो. बसवून ठेवायचं, जिने चढू-उतरू द्यायचे नाहीत, "ॲसिडिटी असेल, थोडं जिरं-ओवा खा" यात वेळ घालवायचा नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, रक्तस्रावाचा काही त्रास नसेल, तर ३२५ मिलिग्रॅमची एक गोळी चावून खायला देतात, पण १०८ वर विचारून द्या. शेजाऱ्याच्या खिशातली सॉर्बिट्रेट (हृदयरोग्यांना छातीत कळ आली की घ्यायला दिलेली गोळी) जिभेखाली ढकलू नका, आधीच रक्तदाब उतरलेला असेल तर तो आणखी कोसळतो.

हृदय बंद पडलं की माणूस कोसळतो, हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद नाही, नेहमीसारखा श्वास नाही. "नेहमीसारखा" हा शब्द महत्त्वाचा. पुष्कळदा असा माणूस आचके देत असतो, आणि भोवतीची माणसं म्हणतात, श्वास चालू आहे, थांबा. आचके म्हणजे श्वास नव्हे. तिथेच दाबायला सुरुवात करायची. मेंदूला चार ते सहा मिनिटं प्राणवायू मिळाला नाही तर इजा सुरू होते. काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. पुण्यात संध्याकाळी सात वाजता सिंहगड रस्त्यावर रुग्णवाहिका किती मिनिटांत येईल, ते तुम्हीच सांगा.

बरगडीचं म्हणाल तर हो, मोडू शकते, वयस्कांत तर बऱ्याचदा मोडते. मोडलेली बरगडी जुळते. आणि ज्याचं हृदय बंद पडलंय त्याला तुम्ही आणखी वाईट स्थितीत नेऊ शकत नाही, ती सर्वात वाईट स्थितीच असते.

सामान्य माणसासाठी आपल्याकडच्या भूलतज्ज्ञांनीच, इंडियन रिससिटेशन कौन्सिलने, २०१७ मध्ये सोपी पद्धत मांडली: तोंडाने श्वास द्यायचा नाही, फक्त छाती दाबायची. छातीच्या मधोमध हाडावर, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दमलात की दुसऱ्याला बसवा, मध्ये खंड नको. लहान मुलं आणि बुडालेली माणसं याला अपवाद, तिथे श्वासही द्यावा लागतो. तो भाग वर्गातच शिका.

---

चौकट_राजा

भूलवाली, प्रतिसाद फार आवडला. आचक्यांचं हे अजिबात माहीत नव्हतं.

---

पक्षकार

कायद्याचा मुद्दा मी घेतो. रस्ते अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून केंद्राने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी शिक्कामोर्तब केलं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ कलम आलं आणि २०२० मध्ये नियम आले. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर, त्याच्या हातून काही राहिलं म्हणून दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. नाव-पत्ता देणं ऐच्छिक आहे. पोलीस साक्षीदार होण्याची सक्ती करू शकत नाहीत, रुग्णालयाने अडवून ठेवायचं नाही की पैसे भरायला लावायचे नाहीत. उलट गंभीर जखमीला वेळेत पोचवणाऱ्याला आता 'राहवीर' योजनेत २५ हजार रुपये बक्षीस आहे.

हे सगळं मोटार अपघातापुरतं, हेही सांगायला हवं. शेजारचे काका जिन्यात कोसळले तर १३४अ लागू नाही. तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम ३० आहे (जुन्या भादंविचं ९२): संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या हितासाठी सद्भावनेने केलेलं कृत्य. सीपीआर दिला म्हणून कुणाला शिक्षा झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

तिरकस

कायदा पुस्तकात असतो, चौकीत हवालदार असतो. पण १३४अ माहीत नव्हतं, त्याबद्दल धन्यवाद.

---

रानवारा

मी दक्षिण कोकणातला, घर गावठाणाबाहेर. तुमच्या शहरी धाग्यात जरा आमचा साप सोडतो.

भातकापणीच्या दिवसांत आमच्याकडे फुरसं चावलं की पहिली गोष्ट म्हणजे सुंभ किंवा कासरा शोधतात आणि पाय करकचून बांधतात. दुसरी, ब्लेडने चिरा. तिसरी, अमक्या वाडीतल्या बाबाकडे न्या, तो उतरवतो. बाबाला यश येतं यात नवल नाही. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी चावला तरी दर वेळी विष टोचतोच असं नाही. त्या जोरावर बाबाचं नाव होतं आणि खऱ्या मण्यारीच्या माणसाचे दोन तास तिथे जातात.

बांधल्यामुळे काय होतं तर फुरसं, घोणस यांचं विष जागच्या जागी मांस खातं, त्यात रक्त अडवलं की पाय हातचा जायची वेळ येते. कापलं की फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबलेलं असतं, ते वाहतच राहतं. करायचं ते एवढंच: माणसाला धीर द्यायचा, आडवा करायचा, चावलेला हातपाय फळी किंवा काठी लावून हलणार नाही असा ठेवायचा, पैंजण, जोडवी, अंगठी, घड्याळ काढायचं, चालवायचं नाही आणि जिथे प्रतिसर्पविष आहे त्या दवाखान्यात न्यायचं. निघतानाच फोन करून लस आहे का विचारा, नाहीतर एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरत बसाल. साप मारून पिशवीतून नेऊ नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर मिळून एकच औषध चालतं, आणि मेलेला सापही चावू शकतो.

मण्यारीचं वेगळं सांगतो. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सुजत नाही, खूणही धड दिसत नाही. माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो, पापण्या जड, बोलणं घोगरं. घरचे म्हणतात अपचन. पावसाळ्यात खाली झोपलेल्याच्या पापण्या पडायला लागल्या तर थेट रुग्णालय.

२०२० मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासाने देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं जातात असा अंदाज दिला होता. त्यातली बहुतेक घरी किंवा वाटेवर, रुग्णालयाच्या बाहेर.

मास्तरीण

रानवारा, +१. विंचवाचंही लिहा ना.

रानवारा

विंचवाचं काम महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी आयुष्यभर केलं. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी पटापट पोरं जायची, त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून ती वाचवली, लॅन्सेटसारख्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. २०२२ ला पद्मश्री मिळाली. आपल्याला लक्षात ठेवायचं ते असं की नुसती कळ असेल तर घाबरायचं कारण नाही, पण घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर कांद्याचा रस चोळत बसू नका. पोर लहान असेल तर वाटच बघू नका.

---

शॉपफ्लोअर

चाकणला कारखान्यात सुरक्षा विभागात आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमातच दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळायला जबाबदार माणूस, अशी तरतूद आली. कागदावर सगळीकडे असते. मी मागे एका ठिकाणी होतो तिथे पेटीला कुलूप, किल्ली स्टोअरकीपरकडे, स्टोअरकीपर दुसऱ्या पाळीत. उघडली तेव्हा आत गोंद सुटलेली चिकटपट्टी, वाळून खडखडीत झालेली आयोडीनची बाटली आणि कुणाचातरी डबा खायचा चमचा.

दोन गोष्टी सांगतो, कारण त्या घरीही घडतात. एक, बोट तुटलं तर (मिक्सर, चाफकटर, गाडीचं दार) तुटलेला तुकडा बर्फात टाकायचा नाही. स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. थेट बर्फ लागला तर मांस मरतं आणि जोडायला काही उरत नाही. दुसरं, डोळ्यात चुना, ॲसिड, फिनेल काहीही गेलं तर चोळू नका, गुलाबपाणी शोधू नका, नळाखाली डोळा उघडा धरून किमान पंधरा-वीस मिनिटं. दवाखाना त्यानंतर.

आणि रक्त वाहत असेल तर जाड स्वच्छ कापड ठेवून जोरात दाबून धरा. आपली माणसं दर अर्ध्या मिनिटाला कापड उचलून "थांबलं का" बघतात. नका बघू. भिजलं तर वरून दुसरं ठेवा.

---

स्टुटगार्टकर

इथे जर्मनीत वाहन परवान्यासाठी प्रथमोपचाराचा वर्ग सक्तीचा आहे, पंचेचाळीस मिनिटांचे नऊ तास, एका दिवसात उरकतात. गाडीत प्रथमोपचाराची पेटी ठेवावी लागते आणि तिची मुदत संपलेली चालत नाही. संकटातल्या माणसाला शक्य असून मदत न करणं हा गुन्हाही आहे. स्टेशनांवर, दुकानांत भिंतीला एईडी (बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं मशीन) टांगलेली दिसते.

पण फार हुरळून जाऊ नका. परवाना मिळाल्यावर तो वर्ग परत करायची सक्ती नाही. माझ्या ऑफिसातल्या पन्नाशीच्या जर्मन सहकाऱ्यांना विचारा, अठराव्या वर्षी शिकलेलं त्यांना काही आठवत नाही.

कुंपणावरची

म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी उजळणी हवी. आमच्या कमिटीला सांगते. ऑर्केस्ट्रावाले आता माझ्या नावाने बोटं मोडणार.

---

मास्तरीण

शाळेत पंचवीसेक वर्षं काढली आहेत, तेव्हा आकडीबद्दल लिहायचा अधिकार आहे असं समजते. प्रार्थनेच्या वेळी मैदानावर मूल पडतं, हातपाय झटकायला लागतं, आणि चारी बाजूंनी चपला येतात. शिपाईमामा किल्ल्यांचा जुडगा घेऊन धावतात. आकडी बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, आणि श्रेय चपलेला मिळतं.

आम्ही आता काय करतो: गर्दी हटवतो, डोक्याखाली दप्तर नाहीतर शाल, आजूबाजूचे दगड-बाकं बाजूला, गळ्याचा टाय आणि वरचं बटण सैल. हातपाय धरून दाबायचे नाहीत. दातखीळ उघडायला चमचा, बोट, काही घालायचं नाही. मूल जीभ गिळत नाही, आपलं बोट मात्र तुटतं. घड्याळ बघायचं. झटके थांबले की कुशीवर वळवायचं म्हणजे लाळ बाहेर येते. पाच मिनिटं उलटली किंवा शुद्धीवर न येता पुन्हा आली तर रुग्णवाहिका. पूर्ण जाग येईपर्यंत पाणी नाही.

घोळणा फुटला तर मान पुढे, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा मिनिटं, तोंडाने श्वास. मान मागे टाकली की रक्त घशात जातं आणि मूल रक्ताची उलटी करतं, मग पालक आणखी घाबरतात.

हे सातवी-आठवीच्या मुलांना शिकवावं असं माझं आग्रहाचं मत आहे. बाराव्या वर्षापासून वर्षाला दोन तास सीपीआर शिकवा, या मोहिमेला २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही पाठिंबा दिला होता. मुलं घरी जाऊन आजीला सुधारतात, ते आपल्याला जमत नाही.

ऊनसावली

चंद्रपूरहून. उन्हाचं कुणी लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. आमच्याकडे खिशात कांदा ठेवून फिरतात. ठेवा बापडे. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग चटके बसावेत इतकं तापलं, तर तो उष्माघात आहे, पन्ह्याची वेळ गेली. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा आणि गाडी बोलवा. तापाची गोळी इथे काम करत नाही. पूर्ण शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

---

नवी_आई

घाबरत विचारते. मुलगी दहा महिन्यांची आहे, सगळं तोंडात घालते. ठसका लागला की सासूबाई "वर बघ" म्हणत टाळूवर थापटतात. बरोबर आहे का?

भूलवाली

बाळ खोकत असेल, रडत असेल, तर हवा जातेय. खोकू द्या, टाळूवर थापटून काही होत नाही. आवाजच येत नसेल, खोकता येत नसेल, ओठ निळे पडत असतील तर: बाळाला आपल्या हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा धरून. दोन खवाट्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबा. पुन्हा थापा. निघेपर्यंत आळीपाळीने. एक वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबायचं नाही. घशात न बघता बोट घालायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. बाळ निपचित पडलं तर सीपीआर. मोठ्या माणसाला पुढे वाकवून पाठीत पाच थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत आणि वर झटका. गरोदर बाईला मात्र पोटाऐवजी छातीवर.

सासूबाईंना घेऊन वर्गाला जा. एकट्या जाऊन आलात तर घरी भांडण, दोघी गेलात तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून ऐकतील.

नवी_आई

😀 खरंय. शेंगदाणे आणि डाळिंबाचे दाणे आजपासून बंद.

तिरकस

एवढं वाचल्यावर आमच्या इमारतीत वर्ग ठेवावा म्हणतो, पण एक शंका. वडिलांना पेसमेकर बसवलाय. उद्या ते कोसळले तर छाती दाबायची की नाही?

भूलवाली

दाबायची, अगदी इतरांसारखीच, मधोमध. पेसमेकर बहुधा डाव्या खांद्याखाली असतो, तिथे हात जातच नाही. एईडी मिळाली तर तिच्या चकत्या त्या उंचवट्यावर चिकटवू नका, चार बोटं लांब लावा, बाकी मशीन स्वतः बोलून सांगतं. आणि वडिलांचं पेसमेकरचं कार्ड त्यांच्या खिशात असू द्या, तुमच्या कपाटात नको.